हाल मुक्काम झाशी

झाशीच्या प्रेमनगरात, माझ्या मामांच्या घरी, पितळी कड्यांच्या एका सागवानी पेटीत दोन बैनामे, म्हणजे खरेदीखते, जपून ठेवलेले आहेत. पहिला १९३८ सालचा, घराच्या जागेचा. दुसरा १९६१ सालचा, पाच बिघे शेतजमिनीचा. खरेदी घेणारा इसम दोन्हींत एकच, म्हणजे माझे आजोबा. परंतु पहिल्या कागदात त्यांच्या नावापुढे ‘पेशा नोकरी, साकिन तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी, हाल मुक्काम झाशी’ असा मजकूर आहे, तर दुसऱ्यात ‘पेशा काश्तकारी, साकिन प्रेमनगर’ एवढेच काय ते लिहिलेले आहे. राजापूर गेले, रत्नागिरी गेली, आणि त्यांच्याबरोबर तो ‘हाल मुक्काम’ हा शब्दही गेला.

आजोळी जात असू त्या उन्हाळी सुट्ट्यांत ही पेटी वर्षातून एकदा उन्हे दाखवायला अंगणात येई, तेव्हा मला कौतुक होते ते मुद्रांकावरील राजाच्या चित्राचे. पन्नाशी उलटल्यावर मात्र त्या दोन ओळींमधील अंतराने माझ्या मनात घर केले आहे. माणूस आपला मुलूख सोडतो तो दिवस त्याला तिथीनिशी आठवतो. पण परका मुलूख आपला होतो तो कोणत्या दिवशी, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. दस्तलेखकाने १९६१ साली लेखणी उचलून ‘साकिन कुठले?’ असे विचारले असेल आणि आजोबांनी ‘प्रेमनगर’ असे उत्तर दिले असेल. त्या एका शब्दाच्या मागे जे तेवीस वर्षांचे आयुष्य उभे होते त्याचा, आणि त्याही मागे दोनशे वर्षांपासून दक्षिणेतून बुंदेलखंडात उतरत आलेल्या मराठी घरांच्या आयुष्याचा मागोवा घ्यावा, एवढ्याच हेतूने मी गेल्या हिवाळ्यात पुन्हा झाशीला गेले.

प्रेमनगर म्हणजे ज्या झाशीचे चित्र मराठी वाचकाच्या मनात कोरलेले आहे ती झाशी नव्हे. किल्ला, तट, शहराचे दरवाजे, महालक्ष्मीचे देऊळ आणि लक्ष्मीताल हे सारे एका अंगाला. प्रेमनगर आणि त्याला लागून असलेला नगरा हा भाग दुसऱ्या अंगाला, रेल्वेच्या कारखान्याच्या आसऱ्याने वाढलेला. येथील मुलांना तोफांचा इतिहास पाठ्यपुस्तकातून कळतो, पण कारखान्याचा भोंगा त्यांना जन्मापासून कळत असतो. पत्ता सांगताना लोक अजूनही ‘पुलिया नंबर नऊ’ म्हणतात. रूळ, पूल आणि फाटके हीच या वस्तीची दिशादर्शक चिन्हे. येथील मराठी घर किल्ल्याच्या छायेतील मराठी घराहून वेगळे असते, आणि तो वेगळेपणा समजून घ्यायचा तर आधी त्या जुन्या घराकडे वळले पाहिजे.

* * *

मराठ्यांचा बुंदेलखंडातील प्रवेश सनदेच्या वाटेने झाला. १७२९ साली महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून छत्रसाल राजाला पहिल्या बाजीरावाने सोडविले, आणि वृद्ध राजाने त्याला पुत्रवत मानून आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा देऊ केला, ही कथा मराठी मुलखात घरोघर ठाऊक आहे. त्या हिश्श्याचा वसूल गोळा करण्यासाठी, हिशेब राखण्यासाठी, ठाणी सांभाळण्यासाठी माणसे लागली, आणि ती कोकणातून व देशावरून आली. रत्नागिरीकडील नेवरे गावचे गोविंद बल्लाळ खेर या मामलतीवर येऊन असे रुजले की पुढे इतिहासाने त्यांना गोविंदपंत बुंदेले या नावानेच ओळखले. मूळ आडनाव मागे पडले आणि मुलुखाचे नाव त्याच्या जागी येऊन बसले. पानिपतच्या मोहिमेत रसद पुरविण्याची व शत्रूची रसद तोडण्याची कामगिरी करीत असता डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेले. सागर, जालौन आणि गुरसराय येथे त्यांच्या वंशविस्ताराची घरे पुढे दीर्घकाळ नांदली.

झाशीला १७४२ साली नारोशंकर आले. बीरसिंह देवाने १६१३ साली बांधलेला किल्ला त्यांनी वाढविला, त्या वाढविलेल्या भागाला शंकरगढ हे नाव पडले, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी जे शहर वसले त्यात दक्षिणेतून आलेली कुटुंबे स्थायिक झाली. १७७० च्या सुमारास सुभेदारी नेवाळकरांकडे आली. लांज्याजवळचे कोट हे त्यांचे मूळ गाव. तेथून खानदेशात पारोळे आणि पारोळ्याहून झाशी, अशी त्यांच्या स्थलांतराची वाट. रघुनाथ हरी, शिवराव भाऊ, रामचंद्रराव, पुढे रघुनाथराव आणि गंगाधरराव, असा तो क्रम चालला. १८०४ साली शिवरावांनी इंग्रजांशी तह केला, १८१७ साली पेशव्यांनी बुंदेलखंडावरील हक्क सोडले, १८३२ साली सुभेदाराला ‘राजा’ ही पदवी मिळाली. आणि या साऱ्या उलाढालीत झाशी शहरात दक्षिणी लोकांचे सण, त्यांच्या पंगती, त्यांची गणपतीची व महालक्ष्मीची देवळे यांचा एक संपूर्ण संसार उभा राहिला. ज्या गणेशमंदिरात १८४२ साली मोरोपंत तांब्यांच्या मनूचा विवाह होऊन ती लक्ष्मीबाई झाली, तेथे भाद्रपदात आजही मराठी आरती होते.

परंतु एक गोष्ट येथे स्पष्टपणे नमूद केली पाहिजे. हा पहिला संसार नांगराच्या मुठीवर उभा नव्हता. तो जमाबंदीच्या दप्तरावर उभा होता. जहागीर, मुआफी आणि उबारी या शब्दांनी तो बांधलेला होता. उबारी म्हणजे ठरावीक अल्प सारा भरून उपभोगावयाचे गाव. त्या गावात पेरणी कोण करतो, निंदणी कोण करतो, विहिरीचा रहाट पहाटे कोण जुंपतो, याची खबर धन्याच्या वाड्यात धान्याच्या पोत्यांबरोबर जेवढी येई तेवढीच. लोधी, कुर्मी, काछी, अहीर अशा कष्टकरी जातींनी आणि त्यांच्याही खाली दबलेल्या शेतमजुरांनी ती जमीन कसली. दक्षिणी धनी त्या मुलुखात राहत होता, पण त्याच्या भूमीला त्याच्या हाताची ओळख नव्हती. हे दूषण म्हणून मी लिहीत नाही. सनदेने मिळालेले घर कसे असते आणि ते किती सहज परत घेतले जाऊ शकते, हे पुढील शंभर वर्षांनी दाखवून दिले, म्हणून लिहिते.

* * *

ती भूमी कशी आहे हे ठाऊक नसेल तर तिच्यात रुजणे म्हणजे काय हेही कळणार नाही. बुंदेलखंडातील शेतकरी आपल्या मातीला चार नावांनी ओळखतो. ‘मार’ ही काळीभोर, ओल धरून ठेवणारी, आपल्याकडील काळीची सख्खी बहीण. ‘काबर’ तिच्याहून उजवट, वाळली की दगडासारखी होणारी. ‘पडुआ’ हलकी, पिवळसर, खताला आणि पाण्याला कृतज्ञ असणारी. आणि ‘राकड’ म्हणजे टेकड्यांच्या उतारावरची तांबूस, खडेमिश्रित, कोकणातल्या वरकस जमिनीसारखी, जिच्यातून पावसाळ्यात कोदो आणि तीळ यांपलीकडे फारसे काही मागू नये. मार जमीन पावसाळ्यात इतकी चिकट होते की तिच्यात पाय घालवत नाही. तिचे वैभव हिवाळ्यातले, गव्हा-हरभऱ्याचे.

या मार जमिनीला एक शाप आहे, त्याचे नाव कांस. शरदात पांढऱ्या तुऱ्यांनी डोलणारे हे गवत कवींना प्रिय, पण शेतकऱ्याला त्याच्या दर्शनाने धडकी भरते. कारण त्याची मुळे नांगराच्या फाळापेक्षा खोल जातात, आणि एक-दोन वर्षे शेत पडीत राहिले की कांस त्यावर असा कब्जा बसवितो की पुढे दहा-पंधरा वर्षे तेथे बैल घालता येत नाही. दुष्काळ पडला की माणसे गाव सोडतात, माणसे गेली की शेते पडीत राहतात, पडीत शेतात कांस येतो, आणि कांस आला की परतलेल्या माणसालाही पेरायला भूमी उरत नाही. १८६८-६९ आणि १८९६-९७ च्या दुष्काळांनंतर हे चक्र या प्रांताने निमूटपणे सोसले. पारीछा येथे बेतवा अडवून १८८५-८६ च्या सुमारास कालवा सुरू झाला, पण त्याचे पाणी पोहोचले तेथेच पोहोचले. कर्जात बुडालेल्या जमीनदारांसाठी १८८२ साली आणि जमिनी सावकारांच्या हाती जाऊ नयेत म्हणून १९०३ साली सरकारला येथे वेगळे कायदे करावे लागले.

या मातीतही एक ओळखीचा चेहरा मला भेटला. मार जमीन कुळवण्यासाठी आडव्या पात्याचे जे अवजार येथे चालते त्याला बुंदेली शेतकरी ‘बखर’ म्हणतो. आपल्या विदर्भ-खानदेशात त्यालाच ‘वखर’ म्हणतात. सुभेदार आणि मामलेदार येण्यापूर्वीपासून काळ्या मातीने आपल्या लेकरांच्या हाती एकच अवजार दिलेले होते, हे पाहून मला जो आनंद झाला तो कोणतीही सनद वाचून झाला नव्हता.

* * *

सनदेचा संसार १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधररावांच्या मृत्यूने हादरला आणि पुढल्याच वर्षी दत्तकविधान नामंजूर करून डलहौसीने झाशी खालसा केली तेव्हा कोसळला. १८५८ चा मार्च आणि एप्रिल कसा गेला हे वरसईच्या विष्णुभट गोडशांनी लिहून ठेवले आहे. घरचे कर्ज फेडण्यासाठी, उत्तरेत यज्ञ होणार आहे आणि दक्षिणा मिळेल या आशेने निघालेला हा पेणजवळचा गरीब भिक्षुक नेमका वेढ्याच्या वेळी झाशीत सापडला. तोफांचा मारा, ३ एप्रिलला इंग्रजी फौजेचा शहरात प्रवेश, त्यानंतरच्या दिवसांतील कत्तल व लूट आणि संस्थानच्या ग्रंथसंग्रहाचा विध्वंस त्याने स्वतः अनुभवला. १८८३ च्या सुमारास त्याने ती हकीकत लिहिली आणि चिंतामणराव वैद्यांनी ती १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली.

मला या प्रसंगी वारंवार वाटते ते हे, की झाशीतील दक्षिणी माणूस तोपर्यंत सनदेने झाशीकर होता. त्या बारा-चौदा दिवसांत तो सोसण्याने झाशीकर झाला. तटावर तोफा डागणारे गुलाम गौसखान आणि खुदाबक्ष, कोरी समाजाची झलकारीबाई, बुंदेले, पठाण आणि दक्षिणी यांचे रक्त एकाच उतारावरून वाहिले. किल्ल्यात आजही गौसखान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरींवर लोक फुले वाहतात. मोरोपंतांना फाशी झाली, दत्तकपुत्र दामोदररावांनी आयुष्य इंदुरास तुटपुंज्या वेतनावर कंठिले आणि १९०६ साली देह ठेवला. त्यांच्या वंशजांनी तेथे ‘झाशीवाले’ हे आडनाव धारण केले. गाव हातातून गेल्यावर ते नावात येऊन राहिले. ज्या कुटुंबांना पळून जाता आले ती ग्वाल्हेर, इंदूर, सागर येथे पांगली. ज्यांना जाता आले नाही किंवा जावेसे वाटले नाही ती मागे राहिली, आणि जहागिरी गेल्यावरही राहिली.

* * *

येथे थोडे दूर, सातासमुद्रापलीकडच्या एका स्थलांतराकडे पाहू. त्याच शतकात, १८४५ च्या एप्रिलात, स्वित्झर्लंडमधील ग्लारूस या डोंगराळ प्रांतातून १९३ माणसे अमेरिकेस निघाली. विणकामाचा धंदा बसलेला, पिके बुडालेली, दऱ्यांतील जमीन वाढत्या तोंडांना अपुरी. तेव्हा तेथील ग्रामसंस्थांनी वर्गणी काढून निकोलाउस ड्यूर्स्ट आणि फ्रिडोलिन श्ट्राइफ या दोघांना जमीन शोधण्यासाठी पुढे धाडले. विस्कॉन्सिन प्रांतात त्यांनी १,२०० एकर शेतीची आणि ८० एकर लाकूडफाट्याची भूमी निवडली. मागाहून निघालेले लोक नद्या, समुद्र आणि पुन्हा नद्या ओलांडीत १५ ऑगस्ट रोजी तेथे पोहोचले तेव्हा ते १०८ उरले होते. काही वाटेत मेले होते, काही अन्यत्र पांगले होते. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला वीस वीस एकरांचा तुकडा आला. त्या वसाहतीला त्यांनी नाव दिले न्यू ग्लारूस.

या स्विस घरांची कहाणी वाचताना मला आजोबांची आठवण होते, ती साम्यासाठी आणि भेदासाठीही. त्यांनी जमीन स्वतः फोडली. पहिला हिवाळा ओबडधोबड झोपड्यांत काढला. डोंगरावरचे गुराखी आणि मागावरचे विणकर ते, गव्हाची शेती शिकले. काही वर्षांनी गव्हाने जमीन थकविली आणि किडीने पीक खाल्ले तेव्हा गव्हाचा हट्ट सोडून, पूर्वजांचा गाईंचा व्यवसाय आठवून, दूध आणि चीज यांकडे वळले व त्यावरच त्यांचा प्रदेश नावारूपास आला. शिकलेले उपयोगी पडले नाही तेव्हा सोबत आणलेले उपयोगी पडले, हा त्यांच्या आयुष्याचा धडा. परंतु ज्या भूमीत त्यांनी नांगर घातला ती रिकामी नव्हती. अवघ्या पंधरा-वीस वर्षांपूर्वी तहनाम्यांच्या जोरावर हो-चंक नावाच्या मूळ रहिवाशांना तेथून हटविण्यात आले होते. सनद घेऊन येणारा असो वा कुदळ घेऊन येणारा, वसाहत करणाऱ्या प्रत्येकाच्या उंबऱ्याखाली कोणाचे तरी घर असते. हे ज्याला विसरता येते त्याचे वसणे अपुरेच राहते, असे माझे मत आहे.

१९३८ सालापासून न्यू ग्लारूसमध्ये विल्यम टेलचे नाटक उघड्यावर होऊ लागले. ज्या साली ते लोक नाटकातून आपले मूळ गाव आठवू लागले, त्याच साली झाशीत माझ्या आजोबांनी घराच्या जागेचा बैनामा केला आणि त्यात आपले मूळ गाव लिहविले, हा योगायोग मला मोलाचा वाटतो.

* * *

आजोबांची झाशी निराळी होती. ती रुळांवरून आली. इंडियन मिडलंड रेल्वेने आपले ठाणे झाशीला केले, इटारसीपासून आग्रा आणि कानपूरपर्यंतचे मार्ग तेथे जोडले, आणि १८९५ साली कारखाना काढला. १९०० मध्ये हा कारभार ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे गेला, तिचे मुख्य ठाणे मुंबईला. तेव्हापासून परळ-भुसावळचा मराठी कामगार झाशीला बदलून जाणे ही नित्याची बाब झाली. १९५१ साली मध्य रेल्वे स्थापन झाल्यावरही तो धागा टिकला; २००३ साली झाशी विभाग उत्तर मध्य रेल्वेकडे गेला तेव्हा तो सुटला. शंभर वर्षे बोरीबंदर आणि झाशी एकाच हुकमाखाली होती, आणि त्या शंभर वर्षांत प्रेमनगर-नगरा भागातील मराठी घरे उभी राहिली.

ही दुसरी लाट होती, आणि तिच्या हातात दप्तर नव्हते, पाना होता. राजापूर तालुक्यातल्या एका कुणबी घरातून आजोबा परळच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि १९२६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, झाशीला आले. लोक त्यांना मिस्त्रीजी म्हणत. महिन्याचा पगार, रेल्वेची चाळ, वर्षातून एकदा पास काढून गावी जाणे, असे दहा-बारा वर्षे चालले. ज्याचे बालपण भाजावळीच्या धुरात आणि नांगरामागे गेले त्याला भोंग्यावर उठणे जमते, पण जमिनीवाचून राहणे जमत नाही. १९०३ च्या कायद्यामुळे बाहेरच्या माणसाला शेतजमीन विकत मिळणे दुर्घट होते. म्हणून घर झाल्यावर त्यांनी हंसारीच्या वाटेवर एका काछी शेतकऱ्याबरोबर बटाईने राकडाचा एक तुकडा करावयास घेतला. पाळी संपवून सायकलीवरून शेतावर जायचे आणि अंधार पडल्यावर परतायचे.

त्यांची पहिली चूक अशी, की ते त्या मातीत कोकण पेरायला निघाले. गावाहून त्यांनी फणसाचे आणि हापूसचे रोप ओल्या गोणपाटात गुंडाळून, तीन गाड्या बदलून आणले. जेठात लू सुटली, तेव्हा दोन्ही रोपे भाजून गेली. पुढल्या वर्षी पुन्हा आणली, पुन्हा गेली. त्यांचा वाटेकरी काछी दोन्ही वेळा काही बोलला नाही. तिसऱ्या पावसाळ्यापूर्वी त्याने आजोबांना बांधावर नेले, तेथला जुना महुआ दाखविला आणि सांगितले, की या जमिनीला जे हवे आहे ते तिने आधीच लावून ठेवले आहे. आजोबांनी त्यानंतर कोकणातून रोप आणले नाही. तीळ, कोदो, विहिरीच्या पाण्यावर भाजी, आणि त्या विहिरीवर रहाट. बैल गोल फिरू लागले आणि गाडग्यांतून पाणी पडू लागले की तो आवाज मात्र हुबेहूब गावच्या आगरातला असे, असे ते म्हणत.

* * *

आजीचे रुजणे स्वयंपाकघरातून झाले, आणि ते अधिक कठीण होते. तिला भात हवा होता, तिथे गहू आणि ज्वारी. तिला नारळ हवा होता, तिथे तीळ. पहिली काही वर्षे गावाहून येणाऱ्या प्रत्येक माणसाला ती कोकम आणि सुक्या मासळीचे निरोप धाडीत असे. १९४१ च्या उन्हाळ्यात तिची थोरली मुलगी, माझी मावशी, विषमज्वराने गेली. आजोबांची पाळी रात्रीची होती. त्या अठरा रात्री आजीच्या जोडीला बसली ती काछ्याची बायको. तिला मराठीचे अक्षर येत नव्हते, आजीला बुंदेली तोडकी मोडकी. मुलगी गेल्यावर तेरा दिवस आजीच्या चुलीत विस्तव पेटला नाही, आणि त्या बाईने आपल्या घरून जे आणून दिले ते होते महेरी, ताकात शिजविलेली ज्वारी. आजी पुढे सांगे, की पहिल्या घासाला मला कळले, ही तर आपली आंबील.

त्या दिवसापासून ती बाई आजीला ‘जिज्जी’ म्हणू लागली, आणि आजीने निरोप धाडणे थांबविले. ती महुआची फुले पहाटे वेचायला, वाळवायला आणि त्यांचा लटा कुटायला शिकली. गौरीच्या नैवेद्यात पुरणपोळीशेजारी महेरीची वाटी ठेवू लागली. देवघरात मराठी, अंगणात बुंदेली, कारखान्याच्या कागदांत इंग्रजी आणि कचेरीत उर्दूमिश्रित हिंदी, अशा चार भाषांत त्या घराचा दिवस उगवत आणि मावळत असे. आजोबांच्या बैनाम्यातून ‘हाल मुक्काम’ हे शब्द कोणी काढले, असे मला कोणी विचारले तर मी त्या काछ्याच्या बायकोकडे बोट दाखवीन.

* * *

सनदेने आलेल्या घरांपैकी जी मागे राहिली त्यांनीही नंतर हीच वाट धरली, हे येथे सांगितले नाही तर अन्याय होईल. १ जुलै १९५२ रोजी उत्तर प्रदेशात जमीनदारी कायद्याने संपली, पण त्याच्या कितीतरी आधी या घरांतील मुलांनी वसुलीऐवजी सेवा पत्करली होती. सदाशिवराव मलकापूरकर आणि विश्वनाथ वैशंपायन हे चंद्रशेखर आझादांचे झाशीचे साथी. आझादांच्या पश्चात त्यांच्या वृद्ध मातेला, जगरानीदेवींना, मलकापूरकरांनी झाशीला आणून पुत्राप्रमाणे सांभाळले, आणि १९५१ साली त्या मातेचा अंत झाशीतच झाला. आत्माराम गोविंद खेर उत्तर प्रदेश विधानसभेचे अध्यक्ष झाले.

रघुनाथ विनायक धुळेकर तर झाशीतच १८९१ साली जन्मले. १० डिसेंबर १९४६ रोजी, संविधानसभेच्या दुसऱ्याच दिवशी, ते उठून हिंदुस्थानीत बोलू लागले, आणि सभागृहातील पुष्कळांना ही भाषा समजत नाही असे अध्यक्षांनी सांगितल्यावरही थांबेनात. त्यांच्या त्या आग्रहात कडवेपणा होता, आणि ज्यांना हिंदुस्थानी येत नाही त्यांच्याविषयी ते जे बोलले ते मला मान्य नाही. पण ज्याच्या समाजाला झाशीत दोनशे वर्षे ‘दक्षिणी’ म्हटले गेले, तो त्या मुलुखाच्या भाषेसाठी सर्व देशासमोर उभा राहतो, यामागे केवळ राजकारण होते असे मी मानीत नाही. आपण येथले आहोत हे सिद्ध करण्याची स्थलांतरिताच्या वंशजाची जी जुनी तळमळ असते ती त्यात होती. आणि ती तळमळ कधी कधी माणसाला इतरांवर कठोर करते, हेही त्यात होते. आजोबांचे रुजणे मला अधिक निरोगी वाटते ते यासाठी, की त्यांनी बुंदेली आपलीशी केली आणि त्यासाठी मराठीला घराबाहेर काढले नाही.

* * *

जमीन १९६१ साली झाली. निवृत्तीच्या पैशातून आजोबांनी पाच बिघे घेतले. काछ्याच्या वाट्याचा तुकडा शेजारीच होता, म्हणून बांध घातला नाही. ‘पेशा काश्तकारी’ हे दोन शब्द त्यांनी दस्तलेखकाकडून मोठ्याने वाचवून घेतले, असे मामा सांगतात. पुढे सतरा वर्षे त्यांनी ती राकड कसली आणि तिच्यातच आजारी पडले.

आता हंसारीच्या वाटेवर घरांच्या रांगा आहेत. शेत मामांच्या भावंडांत वाटले गेले, काही विकले गेले, आणि उरलेल्या दीड बिघ्यात मामा अजून तीळ पेरतात. त्यांची पत्नी बुंदेलखंडातलीच. त्यांची नात मराठी समजते, बोलत नाही, पण गणपतीची आरती तिला पाठ आहे. पूर्वी मला अशा गोष्टींनी खेद होत असे. आता वाटते, भाषा ही बियाण्यासारखी आहे. ज्या मातीत गेली तेथले पाणी तिने प्यावे, आणि जेवढी उगवेल तेवढी आपली म्हणावी. मात्र पेरायला कोणी तरी राहिले पाहिजे, म्हणून मी त्या मुलीला दर आठवड्याला मराठीत पत्र लिहिते, आणि ती मला हिंदीत उत्तर पाठविते.

दोन वर्षांपूर्वी मामा, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, गावच्या देवीच्या उत्सवाला राजापूरकडे गेले होते. मी बरोबर होते. आजोबांचे घर आता चुलतभावंडांच्या ताब्यात आहे; त्यांनी प्रेमाने ठेवून घेतले, माजघरात निजायला जागा दिली, फणसाची भाजी केली. देवळात वर्गणी लिहिण्यासाठी वही फिरत होती. मामांनी चष्मा लावला, नाव लिहिले, वडिलांचे नाव लिहिले, आणि पत्त्याच्या रकान्याशी क्षणभर थांबले. मग आजोबांच्याच वळणाच्या मोठ्या बाळबोध अक्षरात त्यांनी लिहिले: ‘राहणार प्रेमनगर, झाशी. हाल मुक्काम राजापूर.’

वही पुढे गेली. मामांनी देवीला नारळ वाढविला, तिची ओटी भरली, आणि पदराला बांधून आणल्यासारखी जपून आणलेली झाशीच्या तिळांची पुरचुंडी तिच्या पायाशी ठेवली.